नाकातला कापूस

इचलकरंजीच्या ‘दुसरी पाळी’ या घरात चौदा महिने एकाही माणसाला दारूची तलफ आली नाही, म्हणून सरकारनं ते घर बंद करायची नोटीस धाडली.

भरतेश चौगुलेनं ती तीनदा वाचली. एकदा उभ्यानं, एकदा बसून आणि तिसऱ्यांदा ॲसिडिटीची गोळी चघळत. जिल्ह्याच्या मानांकन कक्षाचं म्हणणं सरळ होतं. दारू सोडलेल्यांना आधार देणं हे अशा निवासांचं काम. आधार दिला हे कळणार कशावरून? तलफ आली आणि ती परतवली, यावरून. आपल्या निवासात चौदा महिन्यांत परतवलेल्या तलफा शून्य. सबब आपला निवास कुणालाच आधार देत नाही. आषाढ अमावास्येला अधिकारी तपासणीला येतील. तोवर किमान बारा तलफा परतवल्याची नोंद न दिसल्यास आठही खाटा जिल्ह्याच्या केंद्रात हलवण्यात येतील.

आषाढ अमावास्या म्हणजे गटारी. श्रावण लागायच्या आधी अख्खा मुलूख ज्या दिवशी पोटभर पिऊन घेतो, नेमक्या त्या दिवशी दारू सुटलेल्यांचं घर तपासायला यायचं, ही अक्कल कुणाची म्हणून भरतेशनं डोकं खाजवलं नाही. कॅलेंडरात तो चौकोन लाल नव्हता, एवढंच कारण असणार.

बावन्न वर्षांचा होता तो. पूर्वी यंत्रमागावर जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. माग दुरुस्त करता करता स्वतः बिघडला, अकरा वर्षांपूर्वी दारू सुटली, आणि नऊ वर्षांपासून इथं व्यवस्थापक. घर म्हणजे जुनी मागांची शेडच. आठ खाटा, स्वयंपाकघर, मधला हॉल. जमिनीतून मागांचे कापलेले बोल्ट अजून वर डोकावायचे आणि नव्या माणसाचा अंगठा फुटायचा. इथं आल्याची तीच खूण, असं जुनी मंडळी म्हणत.

भरतेश हॉलशेजारच्या खोलीत झोपायचा. त्याचं स्वतःचं घर चालत अर्ध्या तासावर होतं. तिथं बायको होती, सुवर्णा. तो तिच्याकडे फक्त रविवारी जायचा, आणि सूर्य मावळायच्या आत परत. कारण तिच्याकडे नाक नव्हतं.

नाकाबद्दल सांगायला हवं.

दहा-बारा वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की तलफ माणसाला कळायच्या आधीच त्याच्या अंगाला कळते. मेंदूत काहीतरी हलतं, रक्तात ताणाची द्रव्यं उतरतात, आणि घामातून, श्वासातून वीस-बावीस प्रकारचे बारीक वास हवेत सुटू लागतात. आपल्या नाकाला ते येत नाहीत. पण पातळ पट्ट्यांचं एक यंत्र बनवलं, तर वासाचे कण पट्टीवर बसले की तिच्यातून जाणारी वीज किंचित बदलते. बावीस वास म्हणजे बावीस बदल, आणि त्यांचं प्रमाण माणसागणिक वेगळं, अंगठ्याच्या ठशासारखं. त्यामुळं यंत्र नुसतं ‘तलफ येतेय’ एवढंच सांगत नाही, कुणाला येतेय तेही सांगतं. तेही चाळीस मिनिटं आधी. माणूस बिचारा भाकरी खात असतो, आणि भिंत सांगते, तुला अजून चाळीस मिनिटांनी प्यावंसं वाटणार आहे.

या यंत्राला कंपनीनं मोठं नाव दिलं होतं. लोक त्याला नाक म्हणत. ‘दुसरी पाळी’त अशी चार नाकं होती.

नाक वाजलं, की गल्लीतल्या सोबत्याच्या फोनवर निरोप जायचा. सोबती म्हणजे शेजारपाजारचीच माणसं, पाळीपाळीनं नेमलेली. त्यांना एकच नियम होता: उपदेश करायचा नाही. सोबत्यानं मागांवरच्या खराब सुताचा एक गुंता पिशवीत घालून आणायचा, तलफवाल्यासमोर ठेवायचा आणि दोघांनी मिळून तो सोडवायचा. तलफ अर्ध्या तासात ओसरते, गुंत्याला तास लागतो. या गावात वाया गेलेल्या सुताला तोटा नाही. पुण्याच्या तज्ज्ञांनी यावर भाषणं केली, पण पद्धत काढली होती मालनकाकूंनी. समोरच्याच घरात राहायच्या, आणि नवरा दारूनं गेल्यावर रिकाम्या हातांचं करायचं काय, म्हणून त्यांनी ती स्वतःसाठीच काढली होती.

तर आता बारा तलफा हव्या होत्या, आणि हातात तीन आठवडे होते.

भरतेशनं सगळ्यांना हॉलमध्ये बसवून नोटीस वाचून दाखवली. इथून जिल्ह्याच्या केंद्रात जाणं म्हणजे काय हे आठही जणांना माहीत होतं. तिथं दोनशे खाटा होत्या, नाकं साठ होती, आणि सोबती म्हणून एक स्क्रीन यायची.

“तलफ आणायची म्हणजे काय, अभ्यासक्रम आखायला पाहिजे,” इनामदार सर म्हणाले. ते निवृत्त हेडमास्तर. त्यांनी त्याच दुपारी फळ्यावर वेळापत्रक काढलं: साडेतीन ते चार आठवणी, चार ते साडेचार तलफ, पुढं चहा.

पहिल्या दिवशी आठवणी सांगायचं काम बंडा शेळकेकडे आलं. बंडा लग्नाच्या बँडात ट्रम्पेट वाजवायचा, म्हणजे वीस वर्षं दुसऱ्याच्या वरातीत स्वतः झुलायचा. त्यानं एका हळदीची रात्र अशी रंगवली, की ऐकणाऱ्यांनी डोळे मिटले. आधी ग्लासाचं वर्णन केलं, मग त्यातल्या बर्फाचं, मग सोबतच्या तांबड्या रश्श्याचं. घोटाळा तिथं झाला. रश्श्यावर आल्यावर बंडा परत ग्लासाकडे वळेचना. साडेचारला नाकं गप्प होती आणि आठ माणसं स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. स्वयंपाकीण आक्काताईनं त्या दिवशी सव्वीस भाकऱ्या जादा थापल्या आणि अभ्यासक्रमाला शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी इकबाल मुजावर मोहिमेवर गेला. इकबाल ट्रक ड्रायव्हर. हल्ली ट्रक आपला आपण चालतो, पण काही झालं तर धरायला एक माणूस लागतो, म्हणून कंपनीनं इकबालला आत बसायला ठेवलं होतं. हुद्दा होता ‘जबाबदार इसम’. त्यानं ट्रकला सांगून जुन्या ढाब्यावरून तीन फेऱ्या मारल्या. ढाब्याच्या जागी आता रोपवाटिका होती. तो जास्वंदीची दोन रोपं घेऊन आला.

असं आठवडाभर चाललं. फोटो बघितले, जुनी गाणी लावली, एकानं तर भावाशी मुद्दाम फोनवर भांडण काढलं आणि बोलता बोलता अकरा वर्षांचा अबोला मिटवून बसला. नाकं ढिम्म. दर तासाला भिंतीवर हिरवी अक्षरं उमटत: सर्व शांत.

भरतेश हे सगळं बघत होता आणि गोळ्या खात होता. वर्षभर त्याचा घसा जळायचा, छातीत काहीतरी वर चढायचं, हात हलके व्हायचे. डॉक्टरनं दोनदा पोटात कॅमेरा घालून बघितला. पोट लहान मुलासारखं निघालं. तरी गोळीनं बरं वाटतं म्हणून तो खात राहिला. खिशात गोळ्यांची पाकिटं कायम कुरकुरायची.

त्याची खरी भीती कुणाला ठाऊक नव्हती. आठ जणांच्या खाटा हलतील, पण त्याची खाट त्या आठांत नव्हतीच. घर बंद झालं, की त्यानं जायचं सुवर्णाकडे. बिननाकाच्या घरात. तिथं रात्री आतून काही हललं, तर सांगणार कोण? त्यानं घरगुती नाकासाठी दोनदा अर्ज केला होता. दोन्हीदा उत्तर आलं, की गेल्या पाच वर्षांत आपल्या नावावर एकही तलफ नाही, आपण बरे आहात, अभिनंदन.

दुसऱ्या आठवड्यात बंडा त्याच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. मान खाली, हातात टोपी.

“मॅनेजर, एक इचारू? तुमी रागाला यायचं न्हाई.”

“बोल की.”

“आमास्नी तलफ येत न्हाई म्हणून ही एवढी पळापळ चाललीया. पर मला येतीय की. आठवड्याला दोन-तीन बारी येतीय. काल दुपारी तर लई आली. मालनकाकू आल्या, गुंता सोडवला दोगांनी, गेली.”

भरतेशला आधी कळेना. तलफ आली तर नाक का वाजलं नाही? आणि नाक वाजलं नाही, तर मालनकाकू आल्या कशा?

“त्या रोजच येत्यात,” बंडा म्हणाला. “माझं तोंड बघून बसत्यात न्हाईतर जात्यात. सरांनाबी येती. इकबालबी म्हणत हुता. आमास्नी वाटलं, तुमी नाकाचा आवाज बंद केलायसा. आमची लाज राकायला.”

भरतेश उठला. हॉलमध्ये स्टूल ओढलं, त्यावर चढला आणि नाकाची जाळी उघडली. आत पट्ट्यांसमोरची दोन भोकं होती, हवा आत घेणारी. दोन्हींत कापसाचे बोळे घट्ट बसवलेले होते. मेलेल्या माणसाच्या नाकात बसवतात, अगदी तसे.

त्यानं एक बोळा काढून हुंगला. मिश्रीचा वास आला.

चारही नाकांत तेच. भरतेश आठ बोळे तळहातावर घेऊन स्वयंपाकघरात गेला. आक्काताई पीठ मळत होती. तिनं बोळ्यांकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि पीठ मळत राहिली.

मग जे बाहेर आलं ते असं. यंत्राला तलफ कळते, पण कशाची ते कळत नाही. दारू असो, जुगार असो की भाजलेल्या तंबाखूची चिमूटभर मिश्री, अंगाचा वास एकच. आक्काताई चाळीस वर्षं पहाटे मिश्रीनं दात घासत होती. गेल्या वर्षी नाकांत नवी सुधारणा बसली आणि घरात झोपणाऱ्या सगळ्यांची नोंद झाली, तिचीही. दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेचारला तिच्या नावानं नाक वाजायला लागलं. आठवडाभर रोज तीन-तीन सोबती पिशव्या घेऊन धावत आले, तिला चुलीपुढून उठवून गुंत्याला बसवलं आणि भाकऱ्या करपल्या.

“मी काय दारुडी हाय व्हय?” आक्काताई म्हणाली. “सासूनं लावलेली सवय. तिच्यापायी गल्लीनं मला गुंता सोडवाय बसवायचं? घातला बोळा. येक घातला, तरी पलीकडचं वाजाय लागलं. मग चारीबी बुजवली.”

“आक्का, चौदा महिने झाले.”

“मग? कोण प्यालं का?”

कुणी प्यालं नव्हतं. यंत्र स्वतःची वीज तपासायचं, इंटरनेट तपासायचं. श्वास घेता येतोय का, हे तपासायचं बनवणाऱ्याला सुचलं नव्हतं. हवाच आत येत नव्हती, म्हणून त्याला सगळं शांत वाटत होतं. आणि जिल्ह्यात कुणी शांततेची चौकशी करत नाही.

भरतेश खोलीत येऊन खाटेवर बसला. त्याला गेली दिवाळी आठवली. थोरला भाऊ पारिस वारला तो दिवस. स्मशानातून आल्यावर तो हॉलमधल्या नाकाखाली खुर्ची टाकून तीन तास बसला होता. आतून नुसता जाळ उठला होता. पण नाक गप्प होतं. म्हणजे ही तलफ नव्हे, असं त्यानं स्वतःला सांगितलं. ही ॲसिडिटी. दोन गोळ्या खाल्ल्या.

खिशातलं पाकीट काढून त्यानं बघितलं. चौदा महिने तो तलफेवर चुन्याची गोळी देत होता.

इथून पुढं करायचं ते सोपं होतं, म्हणून जास्त अवघड होतं. बोळे काढून टाकले, की तलफा आपोआप नोंदल्या जाणार. आठ माणसं, वर गटारी. बारा काय, वीस होतील. घर वाचेल. पण नाक त्याचंही नाव घेणार होतं. आणि नियम असा होता, की व्यवस्थापकाच्या नावावर तलफ आली, की त्यानं त्याच दिवशी किल्ल्या ठेवायच्या. दुसऱ्यांना आधार देणारा स्वतः भक्कम हवा, असं परिपत्रकात लिहिलं होतं. लिहिणाऱ्याला कधी कशाची तलफ आली नसावी.

भरतेशनं बोळे परत बसवले. स्वतःच्या हातानं, एकेक करून. आक्काताई दारातून बघत होती.

रविवारी तो सुवर्णाकडे गेला. तिनं नेहमीसारखी पाटी पुढं केली. भुईमुगाच्या शेंगा, फोडायच्या. तो फोडायला बसला आणि शेंगा फोडता फोडता सगळं सांगून टाकलं. बोळे, आक्का, मिश्री, सगळं. सुवर्णा आधी ऐकत होती, मग हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. किती वर्षांनी ती अशी हसली होती. भरतेशला राग आला, मग तोही थोडा हसला.

“म्हणजे चौदा महिने तुम्ही नाकाबिगर ऱ्हायलासा,” ती म्हणाली.

“मला माहीत नव्हतं ना पण.”

“मला होतं.”

त्यानं वर बघितलं.

“नाकाचं न्हवं हो, तुमचं. रविवारी आलासा की तास-दोन तासानं तुमचं हात हलाय लागायचे. गोळी खायचासा. मग मी पाटी पुढं करायची.” तिनं एक शेंग फोडून दाणे त्याच्या ढिगात टाकले. “दोन माणसांच्या घरात दर रविवारी पाच किलो शेंगा कशाला लागत्यात, असा कधी प्रश्न पडला न्हाई का तुम्हांला? अख्ख्या गल्लीला मी चटणी वाटतीय वरीसभर. लोकं म्हणत्यात, सुवर्णाताईंनी धंदा काढला.”

तो शेंगा फोडत राहिला. उन्हं उतरली तसा उठला, कारण नऊ वर्षांची सवय होती. सुवर्णानं त्याला अडवलं नाही. तिनं अडवणं केव्हाच सोडलं होतं. दारापर्यंत आली आणि फक्त चटणीचा डबा हातात दिला, आक्काताईसाठी.

अमावास्येच्या सकाळी सातला भरतेशनं बोळे काढले. त्यानं एक युक्तीही योजली होती. नाकाची हद्द भिंतींपुरती. अंगणात वास पोचत नाही. तेव्हा आपण दिवसभर अंगणात बसायचं, अधिकाऱ्यांचं स्वागत करायचं, निरोप द्यायचा, आत पाऊल टाकायचं नाही. त्यानं खुर्ची जास्वंदीच्या नव्या रोपांशेजारी मांडली.

सात वाजून दहा मिनिटांनी पहिलं नाक वाजलं. आक्काताई. चौदा महिने गप्प बसलेल्या यंत्रानं जणू नाव लक्षात ठेवलं होतं.

साडेनऊला अधिकारी आल्या. ऋजुता पेठे, तिशीतल्या, हातात टॅबलेट, डोळ्यांखाली काळं. गेल्या आठवड्याभरातली त्यांची ही नववी तपासणी होती. त्या हॉलमध्ये बसल्या न बसल्या तोच बंडाचं नाव आलं. मग सरांचं. मग एकदम दोघांचं. बाहेर कोपऱ्यावरच्या दुकानापुढं सकाळपासूनच रांग लागली होती, आणि शेजारच्या चाळीत कुणीतरी मटणाला फोडणी दिली होती. तासाभरात हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. गल्लीतले सगळे सोबती आले. चौदा महिन्यांनी फोन वाजला म्हणून ज्यांची पाळी नव्हती तेही आले. मालनकाकूंनी पोतं भरून सूत आणलं. सूत खोलीभर पसरलं, एकाचा गुंता दुसऱ्याच्या गुंत्यात गेला, इनामदार सरांचा चष्मा एका फासात अडकला, आणि मागांच्या बोल्टाला अडखळून पेठे मॅडमचा अंगठा फुटला. इकबालनं हळद लावून दिली आणि म्हणाला, “आता तुम्ही आमच्यातल्या.”

खिडकीतून भरतेश बघत होता. उन्हात बसून त्याचं डोकं तापलं होतं. साडेबाराला आतून टाळ्या ऐकू आल्या. बारा झाल्या होत्या. त्यांतल्या तीन आक्काताईच्या. घरात झोपते ती निवासी, असं परिपत्रक म्हणत होतं, म्हणून पेठे मॅडमनी त्या धरल्या.

“चौगुले,” त्यांनी दारातून हाक मारली, “या, सही करा. मानांकन उत्तम निघालंय.”

“इथं आणा ना, मॅडम. इथं गार आहे.”

गार अजिबात नव्हतं. “सही आतल्या यंत्रापुढंच करायची असते,” त्या म्हणाल्या. त्याही थकल्या होत्या. “दोन मिनिटांचं काम आहे. चला.”

भरतेश उठला. उंबरा ओलांडला. पायाखाली सूत होतं, दोन्ही बाजूंना माणसं. सगळ्यांची तोंडं हसरी होती. तो यंत्रापुढं उभा राहिला, टॅबलेटवर बोट टेकवलं, आणि वर भिंतीतून शांत, ओळखीचा आवाज आला.

“भरतेश चौगुले. चाळीस मिनिटं.”

बंडाच्या हातातलं सूत तसंच राहिलं.

पेठे मॅडमनी टॅबलेट बघितला, मग भरतेशकडे बघितलं. आवाज खाली आणला. “चौदा महिने यंत्र गप्प होतं, आज एकदम इतकं वाजलं. कधीकधी चुकीचं वाजतं. धूळ असते, वर सुताचे तंतू. मला ‘यंत्राचा दोष’ असं टाकता येतं. तुम्ही म्हणालात तर.”

ती भली बाई होती. तिला नियम माहीत होता, आणि त्यातून वाट कुठं आहे तेही. घर वाचलं होतं. बारा झाल्या होत्या. तेरावी कुणालाच नको होती. भरतेशनं फक्त हो म्हणायचं होतं. मग किल्ल्या त्याच्याकडे राहिल्या असत्या, खोली, खाट, भिंतीवरचं नाक, आणि खिशातली गोळ्यांची पाकिटं.

त्याला एकाएकी फार थकल्यासारखं वाटलं. त्या गोळ्या खाऊन खाऊन तो थकला होता. आतला जाळ कसला, हे भिंतीला विचारून विचारून थकला होता.

“नाही मॅडम,” तो म्हणाला. “नाक बरोबर आहे. लिहा.”

त्यांनी लिहिलं. किल्ल्या घेऊन त्या त्यांनी इनामदार सरांकडे तात्पुरत्या दिल्या. सरांची तलफ सकाळीच परतवलेली होती, पण त्याला परिपत्रकाची हरकत नव्हती. हंगामी व्यवस्थापकाबद्दल ते काहीच बोलत नव्हतं. मग पेठे मॅडमनी बॅगेतून एक छापील अर्ज काढला. आता चौगुलेंच्या नावावर तलफ आहे, तेव्हा त्यांना घरगुती नाक मिळू शकेल, मंजुरीला आठ महिने लागतात, असं त्या म्हणाल्या. भरतेशनं अर्ज घडी करून खिशात ठेवला.

मालनकाकूंनी त्याच्यापुढं सुताची पिशवी धरली. बसायला सांगितलं नाही. “घरापर्यंत येऊ का संगट?” एवढंच विचारलं.

“नको, काकू. जातो मी.”

आक्काताई स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. आतून फक्त परात आपटल्याचा आवाज आला.

तो चालत निघाला. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्यात सुताची. कोपऱ्यावरच्या दुकानापुढं रांग गल्लीच्या टोकापर्यंत गेली होती. रांगेतल्या एकानं जुन्या ओळखीनं हाक मारली, “जॉबर, नंबर धरू का?” भरतेशनं सुताची पिशवी वर करून दाखवली. कशासाठी दाखवली ते त्याचं त्याला कळलं नाही, आणि रांगेतल्यालाही कळलं नसावं. तो पुढं चालत राहिला. छातीतलं वर चढायला लागलं होतं. हात सवयीनं खिशात गेला, पाकीट कुरकुरलं, हात रिकामा बाहेर आला.

सुवर्णानं दार उघडलं तेव्हा दुपारचे सव्वा वाजले होते. सोमवार होता. तिनं त्याच्या दोन्ही हातांतल्या पिशव्या बघितल्या आणि बाजूला सरली. तो स्वयंपाकघरात जाऊन जमिनीवर बसला. ती पाणी घेऊन आली.

“घशाशी आलंय,” तो म्हणाला.

“ॲसिडिटी?”

भरतेशनं पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं.

“नाही. प्यावंसं वाटतंय. खूप.”

सुवर्णानं मान हलवली. कोपऱ्यातून शेंगांचं पोतं ओढून आणलं आणि दोघांच्या मध्ये ओतलं. टरफलं टाकायला काही दिसेना, तेव्हा भरतेशनं खिशातला अर्ज काढला, उलगडला आणि जमिनीवर पसरला.

पहिली शेंग हातातून निसटली. दुसरी फुटली.